कुमारीला काय सांगायचं

माझ्या भाचीला ‘मानवी प्रजनन’ या धड्याच्या टेस्टमध्ये पैकीच्या पैकी मार्क पडले होते, आणि त्याच आठवड्यात तिचं रक्त थांबत नव्हतं. या दोन गोष्टी एकाच पोरीच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला आजही पचत नाही. आठवलं की डोकं तापतं, आणि मी ते तापू देते.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. आक्का आणि दाजी देगलूरला असतात, त्यांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. मेडिकलच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसायचं म्हणून पोरगी लातूरला आली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मी लातूरलाच ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, लग्न केलेलं नाही. ती माझ्याकडे राहिली असती तर काय बिघडलं असतं? पण आक्काचं म्हणणं पडलं, “तुझं तोंड लई चालतं, पोरीचा अभ्यास व्हायचा न्हाई.” म्हणून तिला क्लासजवळच्या हॉस्टेलवर ठेवलं. एका खोलीत चौघी, भिंतीवर सूत्रांचे कागद आणि संडासाच्या दाराला आतून चिकटवलेलं पिरिऑडिक टेबल. तिथंसुद्धा वेळ वाया जायला नको ना!

रविवारची टेस्ट आटोपली की ती माझ्याकडे जेवायला यायची. आल्या आल्या पलंगावर अंग टाकायची, हा तिचा शिरस्ता. दसरा होऊन गेल्यानंतरच्या एका रविवारी आली आणि खाली फरशीवर बसली. वर बस म्हटलं तर “असू दे” म्हणाली. जेवून उठताना भिंत धरली तिनं. तिच्या ओठांचा रंग उडालेला बघून मी तिचा दंड धरला.

“काय होतंय तुला?”

“काही न्हाई.”

“मला फिजिक्सच्या पोरांची सवय आहे, खोटं लगेच कळतं. बोल.”

मग ती रडायलाच लागली. “मावशी, डेट थांबंनाच झालीय. दसऱ्याच्या आधीपासून.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. त्या दिवसांत घरातल्या कुणाची अडचण मध्ये यायला नको म्हणून पाळी पुढं ढकलायची गोळी घ्यायची, ही आता घरोघरची रीत झाली आहे. चौकातल्या मेडिकलवर चिठ्ठीबिठ्ठी कुणी मागत नाही. दुकानदार वर बघत नाही, आपण खाली बघतो, आणि कागदात गुंडाळलेलं पाकीट पर्समध्ये जातं. हळदीचा हात आणि पुरणाचा घाट चुकू नये म्हणून आक्कानं पोरीला दहावीपासून ही गोळी दिलेली. पोरीनं हॉस्टेलवर तीच विद्या पुढं नेली. मोठी टेस्ट आली की गोळी. महालक्ष्म्यांना देगलूरला गेली तेव्हा गोळी, परत आल्यावर टेस्ट सिरीज म्हणून गोळी, मग नवरात्रात आक्कानं बोलावलं म्हणून गोळी. मध्ये शरीराला उसंतच नाही. हॉस्टेलवर सगळ्याच पोरी घेतात म्हणे, एकमेकींना देतातही, उसनी साखर द्यावी तशी.

मी म्हटलं, “अगं, हा धडा तुला पाठ आहे ना?”

पाठ होता. तिनं रडत रडत मला सगळं म्हणून दाखवलं. कुठलं हार्मोन कधी वाढतं, कुठल्या दिवशी काय होतं, आलेख कुठं चढतो आणि कुठं पडतो. अगदी खडान् खडा. मी विचारलं, “मग त्या गोळीत काय असतं? आणि तुझं का थांबत नाही?”

“ते सिलॅबसमध्ये न्हाई, मावशी.”

मला हसू आलं असतं, पण तिच्या पुढच्या वाक्यानं ते घशातच राहिलं. खोलीतल्या एकीनं तिला सांगितलं होतं की या गोळ्यांनी पिशवी सुकते. रक्त जातंय ते पिशवीच गळून जातेय म्हणून. पोरगी कितीतरी रात्री हे उराशी घेऊन झोपली होती. तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी जाणत्या माणसानं तिच्याकडे बघून सरळ सांगावं, तुला अमुक झालंय, तमुक झालेलं नाही. मी माझ्यापरीनं सांगितलं की पिशवी अशी गळत नसते. “तुला काय म्हाईत?” म्हणाली. खरंच, मला गुरुत्वाकर्षण माहीत.

त्याच संध्याकाळी लातुरात डॉक्टरकडे नेते म्हणून मी आक्काला फोन केला. तिकडून वादळच आलं.

“लातूरला न्हाई न्यायचं. अर्ध्या देगलूरची लेकरं तिथं शिकून राहिलीत. कुणाची माय भेटली तर?”

“भेटली तर भेटली.”

“तुझं काय जातंय बोलायला! उद्या पोरगी उजवायची हाय मला. उदगीरलाबी नको, तिथं ह्यांची मावसबहीण हाय. नांदेडला आण. नांदेडात कोण वळखतंय?”

म्हणजे रक्त जाणाऱ्या पोरीला एसटीत बसवून अहमदपूर, लोहा करत नांदेडला न्यायचं, कारण घराजवळच्या दवाखान्यात बसलेलं कुणाला दिसता कामा नये. मी खूप बोलले. पण पोरगीच म्हणाली, “आई म्हणते तसं कर, मावशी. भांडू नका.” सकाळी निघालो. अहमदपूरच्या स्टँडवर तिला पॅड बदलायचं होतं. तिथल्या बाथरूमच्या दाराला कडी नव्हती. मी बाहेरून दार धरून उभी राहिले आणि मनातल्या मनात शिव्या घातल्या, कुणाकुणाला ते आता आठवत नाही.

नांदेडच्या स्टँडवर आक्का वाट बघत होती. लेकीचा चेहरा बघून तिचे डोळे भरले, हे मला सांगायलाच हवं. आई आहे ती. पण रिक्षात बसल्यावर तिनं पर्समधून एक रुमाल काढला, रुमालातून एकपदरी मंगळसूत्र काढलं आणि लेकीच्या मांडीवर ठेवलं.

“घाल गळ्यात.”

मी म्हटलं, “आक्का, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“मोठी पाटी असती बाहेर, स्त्रीरोग म्हणून. त्या पाटीखाली बिनलग्नाची पोरगी बसलेली दिसली की लोक काय समजतेत, ठावं हाय ना तुला?”

“काय समजतात?”

“तेच!”

“आणि तू लोकांचं ऐकून तिच्या गळ्यात न झालेला नवरा बांधतेस?”

रिक्षावाल्यानं आरसा आमच्याकडे वळवला. मी त्याला म्हटलं, रस्त्याकडे बघा. आम्ही दोघी बहिणी भांडत राहिलो आणि मधल्यामध्ये पोरीनं मंगळसूत्र उचललं आणि गळ्यात घातलं. तिला भांडण थांबायला हवं होतं, बस.

दवाखान्यात आक्कानं नाव सांगितलं आणि काउंटरवरच्या मुलीनं गळ्याकडे एक नजर टाकून आधी ‘सौ.’ लिहिलं. “मिस्टर काय करतात?” आक्का क्षणभरही अडखळली नाही. “पुण्याला हायत. कंपनीत.” मी आक्काकडे बघत राहिले. एका दमात तिनं जावई उभा केला, त्याला नोकरी लावली आणि पुण्याला धाडूनही दिलं. शेजारी बसलेल्या बाईनं आपुलकीनं विचारलं, “कितवा?” आक्का म्हणाली, “न्हाई ओ, असंच अशक्तपणा हाय.” पोरगी खाली मान घालून मण्यांशी खेळत होती. ती लाजतेय असं त्या बाईला वाटलं असणार.

नंबर आला. डॉक्टर बाईच होत्या, पन्नाशीच्या आसपास, चटपटीत, आवाज मोकळा. त्यांनी आम्हा दोघींना बाजूच्या खुर्च्या दाखवल्या आणि पोरीला समोर बसवलं. तिच्या गळ्याकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. आणि तिच्याशी बोलायला लागल्या.

काय सुंदर बोलल्या त्या! मी वर्गात वीस वर्षं उभी राहिलेली बाई आहे, चांगलं शिकवणं मला कळतं. आधी किती दिवस, किती जातं, गुठळ्या पडतात का, चक्कर येते का, सगळं विचारलं. गोळ्यांचं ऐकल्यावर ओरडल्या नाहीत. समोरच्या पॅडवर पेननं गर्भाशय काढलं, आतलं अस्तर रेघा मारून दाखवलं. म्हणाल्या, “ही गोळी या अस्तराला धरून ठेवते. सोडली की ते सुटतं. तू मध्ये मोकळीक न देता पुन्हापुन्हा धरून ठेवलंस, म्हणून गडबड झाली असावी. बाकी काही कारण आहे का तेही तपासू, रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी. पण घाबरू नकोस, पिशवी सुकत नसते.”

पोरीनं एकदम श्वास सोडला. तो मला माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू आला.

आणि मग ती विचारायला लागली. माझी भाची, जी चहात साखर हवी का एवढंसुद्धा नीट सांगत नाही, ती एकामागून एक प्रश्न विचारत होती. पोटात दुखतं ते किती दुखणं बरोबर असतं? पांढरं जातं ते रोग असतो का? पुढं मूल होताना काही अडचण येईल का? डॉक्टरांनी सगळ्याची उत्तरं दिली. न लाजता, न घाई करता. वर विचारलं, “सध्या मूल नकोय ना? मग त्याची साधनं कोणती, कुठलं तुला चालेल, तेही सांगते. नवऱ्यालाही घेऊन ये एकदा.” पोरगी म्हणाली, “हाव.” तिचे डोळे टेस्टचा निकाल बघतानासुद्धा असे चमकलेले मी बघितले नव्हते. मला वाटलं, चला, आक्काच्या वेडेपणातून काहीतरी बरं झालं.

मग डॉक्टर उठल्या आणि हातमोज्यांकडे वळत म्हणाल्या, “चल, टेबलवर झोप. एकदा आतून तपासून घेते.”

आक्का ताडकन उभी राहिली. तिनं लोकांचा विचार केला होता, या टेबलाचा केला नव्हता. “आतून न्हाई! आतून न्हाई, मॅडम. लगीन न्हाई झालेलं तिचं.”

डॉक्टरांनी आक्काकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, मण्यांकडे बघितलं. “मग आधी सांगायचं ना!” त्या चिडल्या, आणि इथपर्यंत मी त्यांच्या बाजूची आहे. डॉक्टरशी खोटं बोललं की कसला घोळ होऊ शकतो ते त्यांनी दोन वाक्यांत सुनावलं, ते योग्यच होतं. वरून सोनोग्राफी करू म्हणाल्या, तेही योग्यच.

पण त्यानंतर त्या बसल्या त्या आक्काकडे खुर्ची वळवून. पोरगी जणू खोलीतून उठून गेली होती. आवाज खाली आला. “काळजी करू नका. हार्मोनचं थोडं वरखाली झालंय. गोळ्या देते, रक्तवाढीचं औषध देते. या वयात होतं असं. लग्न झालं की होतं बरोबर.”

पोरगी म्हणाली, “मॅडम, ते परत टेस्टच्या टायमाला...”

“तू अभ्यास कर, बेटा. हे सगळं आत्ता तुझ्या कामाचं नाही.”

आणि त्यांनी पॅडवरचा तो चित्राचा कागद फाडला, चुरगळला आणि टेबलाखालच्या डब्यात टाकला. पोरीचा हात अर्धा पुढं गेलेला मी बघितला.

मला राहवलं नाही. “मॅडम, तुम्ही आत्ता तिला सांगत होता ते पूर्ण करा की. पोरगी तीच आहे.”

“तुम्ही कोण?”

“मावशी.”

त्यांची नजर माझ्या गळ्यावर आली. तिथं काही नव्हतं. “तुमचं लग्न...?”

“नाही.”

त्या हसल्या. वाईट नाही हसल्या, कीव करून हसल्या, ते जास्त लागतं. “मग तुम्हाला नाही लक्षात यायचं. अनमॅरीड मुलींना उगाच जास्त सांगितलं की त्यांच्या डोक्यात नको ते येतं.”

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. मी म्हटलं, “मॅडम, गर्भाशय लग्नात आहेर म्हणून देतात का? ही एकोणीस वर्षांची आहे, मी चव्वेचाळीस वर्षांची. तिला रक्त जातंय ते तिचं जातंय, नवऱ्याचं नाही. तिच्या डोक्यात काय यायचं ते आलंय, पिशवी गळतेय असं आलंय. तुम्ही ते काढत होता. मध्येच का थांबलात?” माझा आवाज चढला होता. काउंटरवरची मुलगी दारातून डोकावली. आक्का माझी ओढणी ओढत म्हणत होती, “गप की गं, पाया पडते.” डॉक्टरांनी घंटी वाजवली आणि पुढचा पेशंट बोलावला.

सोनोग्राफीत काही निघालं नाही, रक्तात हिमोग्लोबिन तेवढं कमी होतं. औषधं बरोबर होती, चार दिवसांत रक्त आटोक्यात आलं. त्याचं श्रेय मी डॉक्टरांना देते. पण अर्धवट उत्तर घेऊन आलेली पोरगी लातूरला परतली ती आणखीच घाबरून. ‘डॉक्टर माझ्याशी बोलायच्या थांबल्या म्हणजे काहीतरी वाईट असेल, आईला कानात सांगितलं असेल,’ हे तिनं मनात धरलं. शपथा घेऊन सांगितलं तरी पटेना. पुस्तक उघडून तासन् तास तेच पान बघत बसायची. यंदाचं वर्षही जाणार असं मला दिसायला लागलं.

म्हणून मी तिच्या क्लासमध्ये गेले. बायोलॉजीचे सर माझ्या ओळखीचे, अडल्यावेळी माझ्याकडे फिजिक्सच्या शंका पाठवणारे. मी म्हटलं, मुलींसाठी एक तास द्या, एखादी चांगली डॉक्टर आणते, पोरी विचारतील ते सांगेल. सर गोड हसले. “मॅडम, रिप्रोडक्टिव्ह हेल्थ आमचं कधीच कम्प्लीट झालंय. त्या चॅप्टरला आपल्या बॅचचा स्कोअर सगळ्यात चांगला आहे.” मी विचारलं, ज्या धड्यात तरुणांना ही माहिती द्यायला हवी असं लिहिलंय, तो धडा तुम्ही एका लेक्चरमध्ये संपवता आणि वर कुणाला शंका विचारू देत नाही? ते म्हणाले, “शंका परीक्षेत येत नाहीत, मॅडम. आणि पालकांना काय सांगू?” आपण राज्याला डॉक्टर पुरवतो म्हणून छाती काढणारं हे शहर! यातल्याच पोरी उद्या डॉक्टर होणार, खुर्चीत बसणार आणि समोरच्या पोरीचा गळा बघणार. नांदेडच्या त्या बाई काही आभाळातून पडल्या नव्हत्या.

त्यानंतर परीक्षांची गडबड म्हणून भाची दोन-तीन रविवार आलीच नाही. मग एका रविवारी दुपारी आली ती थेट पलंगावर आडवी. गालांवर रंग, हातात फिजिक्सचा पेपर, “मावशी, हे सोडव” म्हणाली. मी बघतच राहिले. म्हटलं, आता तुझी तपासणी राहिलीय, या खेपेला लातुरातच जाऊ, मी येते.

“झाली की.”

“कधी? कुणाबरोबर?”

ती उठून बसली. थोडी घाबरली, थोडी हसली. गंजगोलाईच्या बाजारात जाऊन तिनं काळ्या मण्यांचे तीन सर घेतले होते. साधे, बेन्टेक्सचे. ती घालून ही लग्न झालेली बाई झाली, खोलीतली एक तिची जाऊ झाली, दुसरी नणंद. तिघी मिळून लातुरातल्याच एका डॉक्टरकडे गेल्या. पण या वेळी तिनं आक्काची चूक केली नाही. तपासायचं न्हाई, रिपोर्ट आणलेत, फक्त बोलायचंय, असं आधीच सांगितलं. जावेनंही विचारून घेतलं, नणंदेनंही. डॉक्टरांनी अर्धा तास दिला, चित्र काढून दिलं, चहा विचारला.

“सगळं सांगितलं बघ, मावशी. काई झालेलं न्हाई मला. आता गोळी बंद. कुमारी म्हणून गेलो असतो तर अभ्यास कर म्हणाली असती.”

मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. तिचा जीव भांड्यात पडला होता, म्हणून मला आनंद झाला. आणि इतका संताप आला की हातातलं पेन टेबलावर आपटलं. शिकलेल्या, हुशार, एवढ्याशा पोरींना स्वतःच्या शरीराची माहिती मिळवायला वेश बदलून, खोटी नाती जोडून जावं लागतं, जशी काही ती चोरी आहे. मी म्हटलं, “कुठंयत ते मणी? दे इकडं. फेकून देते.”

तिनं झटकन पर्स छातीशी धरली. “नको, मावशी! तुला दाखवायला मागून आणलेत, संध्याकाळपर्यंत परत द्यायचेत. आता ते सगळ्या हॉस्टेलचे झालेत. खालच्या मजल्यावरची एक उद्या सकाळी जाऊन राहिलीय.”

“का? तिला काय झालंय?”

“काई न्हाई,” ती म्हणाली. “तिला फक्त विचारायचंय.”

बोलता बोलता साडेसहा झाले होते, आणि हॉस्टेलचं गेट सातला बंद व्हायचं. घड्याळाकडे बघून मी स्कूटीची किल्ली उचलली. तोंडात शिव्या होत्या, कुणाला घालायच्या ते माहीत होतं आणि त्यांतलं एकही माणूस समोर नव्हतं. भाचीला मागं बसवलं आणि निघाले, उशीर व्हायला नको म्हणून गाडी जरा जोरातच चालवली.